दान नको, मॅरेथॉनचे नियम द्या!



जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मॅरेथॉन होते. पहाटे पाचच्या अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसे छातीवर नंबर लावून उभी राहतात आणि इशारा झाला की धावत सुटतात. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वरळी, समुद्रावरचा वांद्रे-वरळी सेतू, माहीम आणि फिरून पुन्हा टर्मिनस. पूर्ण शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरची. २००४ साली ती सुरू झाली. कोरोनामुळे २०२१ आणि २०२२ साली झाली नाही. २०२५ साली पूर्ण शर्यत, अर्धी शर्यत आणि हौशी लोकांची छोटी दौड असे सगळे मिळून साठ हजारांवर लोक धावले.

याचा आणि आपल्या पऱ्हाटीचा काय संबंध, असे मेळाव्याला आलेला कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो नीट समजून घ्यावा म्हणून हा लेख.

आपल्या बैठकांत या शर्यतीचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. पहिला असा : हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले. अंगावर चरबी चढली, ती उतरवायला धावतात. आमच्याकडे या म्हणावे, आठ दिवस डवरा हाका, आपोआप उतरेल. याला टाळी मिळते. दुसरा सूर असा : शहरातली चांगली माणसे शेतकऱ्यांच्या नावाने धावतात, देणग्या जमवतात, आत्महत्या झालेल्या घरातल्या पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय करतात, त्यांचे आपण जाहीर आभार मानावेत. यालाही टाळी मिळते.

आमच्या मते दोन्ही सूर चुकीचे आहेत. पहिल्यात नुसता हेवा आहे, दुसऱ्यात लाचारी. मॅरेथॉनमध्ये हेवा करण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे तिचे नियम. शर्यत किती लांब ते आधी ठरते. रस्ता मोजलेला असतो. वाटेत पाणी असते. आणि शर्यत सुरू झाल्यावर शेवटची रेघ कोणाच्या बापाला हलवता येत नाही. आमची मागणी एवढीच की हे नियम शेतीच्या धंद्याला लावा. मग आमच्यासाठी कोणी धावण्याची गरज उरणार नाही.

पाणक्याने जिंकलेली शर्यत

ही शर्यत श्रीमंतांची, हा समज आधी काढून टाकू. नव्या ऑलिंपिकमधली पहिली मॅरेथॉन १० एप्रिल १८९६ रोजी ग्रीसमध्ये झाली. मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत, सुमारे ४० किलोमीटर. ती जिंकणाऱ्या माणसाचे नाव स्पिरिडॉन लुईस. अथेन्सजवळच्या मरूसी गावचा. बाप अथेन्समध्ये पाणी विकायचा आणि हा ते वाहून न्यायचा. दोन तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत त्याने शर्यत संपवली. राजाने काय पाहिजे म्हणून विचारले तेव्हा त्याने पाणी वाहायला गाढव आणि गाडी मागितली, अशी गोष्ट सांगतात. पुढे तो पुन्हा कुठल्या शर्यतीत उतरला नाही. गावी परतला, शेती केली, नंतर गावच्या पोलिसात नोकरी केली.

१९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि जिंकला. मेंढपाळाचा मुलगा. १९६४ साली टोकियोत तोच पुन्हा जिंकला. आज जगातल्या मोठ्या शहरांच्या शर्यतींत इथिओपिया आणि केनियाच्या डोंगरपठारावरची, शेती-गुरे सांभाळणाऱ्या घरांतली माणसे पुढे असतात. मुंबईतही तेच. २०२३ साली इथिओपियाच्या हायले लेमीने ही शर्यत दोन तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत मारली.

आपल्याकडे पाहा. सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे दुष्काळाचे माहेरघर. त्या तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरने मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर एकाहून अधिक वेळा काढला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. त्याने २०२० साली दिल्लीत अर्धी मॅरेथॉन एक तास ३० सेकंदांत पुरी केली. त्या वेळचा तो राष्ट्रीय विक्रम होता.

तेव्हा धावण्यात आपण कमी नाही. लांब पल्ल्याची धाव म्हणजे दम धरणे, आणि दम धरण्याचे शिक्षण कोरडवाहू शेतकऱ्याइतके कोणाला मिळालेले नाही. फरक आहे तो शर्यतीत.

साठवणीवरची धाव

मॅरेथॉन अवघड का, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. माणसाच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेची साठवण असते. तिच्यातून मोटामोटी दोन हजार कॅलरी मिळतात. साठ किलो वजनाच्या माणसाला ४२ किलोमीटर धावायला अडीच हजारांच्या आसपास लागतात. म्हणजे शिदोरी कमी आणि वाट लांब. तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे शिदोरी संपत येते आणि चांगला तगडा गडी एकाएकी मेणासारखा मऊ पडतो. पाय उचलत नाहीत, डोके चालत नाही. धावणारे म्हणतात, भिंत आडवी आली.

आपल्या रब्बी ज्वारीचे असेच असते. भारी काळ्या रानात हस्ताच्या आगेमागे मालदांडी पेरली की पुढे पाऊस धरायचा नाही. जमिनीच्या पोटात पावसाळ्याने ठेवलेल्या ओलीवर तिला चार महिने काढायचे असतात. पोटरीपर्यंत पीक डौलात दिसते. फुलोऱ्यात आले, दाणा भरू लागला की ओल संपत येते. मग खडखड्या येतो, ताटे आतून पोकळ होऊन आडवी पडतात. पेरणी चुकली नव्हती, बियाणे खोटे नव्हते, माणसाने कष्टात कसूर केली नव्हती. शेवटच्या टप्प्यात शिदोरी संपली, एवढेच. त्या वेळी एखादे संरक्षित पाणी मिळाले असते तर कणीस भरले असते.

आता शर्यतीत काय होते ते पाहा. आंतरराष्ट्रीय नियमच आहे की रस्त्यावर दर पाच किलोमीटरच्या सुमाराला खाण्यापिण्याची सोय पाहिजे, आणि त्या दोहोंच्या मध्येही पाणी नि स्पंज पाहिजे. मुंबईत पोरे हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी असतात. कोणी केळी देतो, कोणी संत्र्याच्या फोडी. डॉक्टर असतात, रुग्णवाहिका असतात. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो, तिथे तर लोक ढोल-ताशे घेऊन येतात.

चांगली गोष्ट आहे, आमची तक्रार नाही. धावणाऱ्याला पाणी दिले म्हणून कोणी त्याला ऐतखाऊ म्हणत नाही. पाण्याशिवाय धावून दाखव तरच तू खरा गडी, असे कोणी म्हणत नाही. आम्ही फक्त विचारतो, हेच पाणी जिरायत शेताला मागितले की ती सवलत कशी होते? विहिरीत पाणी असूनही पिकाच्या वेळेला वीज नसते. आली तर रात्री, साप-विंचवाच्या वेळी. धावणाऱ्याला रात्री बारा ते चार या वेळातच पाणी मिळेल, अशी पाटी मुंबईत लावून पाहा!

आणि टाळ्या म्हणाल तर आम्हालाही मिळतात. २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारीला 'श्री अन्न' म्हणून गौरवले. मेजवान्यांत भाकरीचे घास घेतानाची छायाचित्रे छापून आली. त्याच ज्वारीला २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरितला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये क्विंटल असा हमीभाव कागदावर होता. खरेदी केंद्र उघडले नाही तर त्या आकड्याची किंमत ढोल-ताशांहून जास्त नाही. टाळ्या पुष्कळ, पाणी नाही.

उन्हाचा न्याय

२०१९ साली कतारच्या दोहा शहरात जागतिक स्पर्धा झाल्या. उन्हाळा फार म्हणून बायकांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी उकाड्याने ६८ पैकी २८ जणींनी शर्यत अर्ध्यात सोडली. त्याचा धसका ऑलिंपिकवाल्यांनी घेतला. पुढची ऑलिंपिक टोकियोत होती. तिथली मॅरेथॉन त्यांनी उचलली आणि सुमारे ८०० किलोमीटर उत्तरेला, थंड हवेच्या साप्पोरो शहरात नेली. ऑगस्ट २०२१ मध्ये ती तिथे झाली, आणि बायकांची शर्यत उन्हाच्या भीतीने आणखी एक तास अलीकडे ओढली.

दोन-अडीच तास धावणाऱ्यांच्या जिवाची ही काळजी योग्यच आहे. पण विदर्भ-मराठवाड्यात ४४-४५ अंशांच्या उन्हात पऱ्हाट्या उपटणारे, ऑक्टोबरच्या तापात वाकून कापूस वेचणाऱ्या बाया, यांच्यासाठी उन्हाचा नियम कोणी केला? आमचे रान उचलून साप्पोरोला नेता येत नाही, हे आम्हाला कळते. म्हणून तर त्या उन्हाची मजुरी भावात धरा असे म्हणतो. भाव ठरवताना उत्पादन खर्चाच्या तक्त्यात ऊन नावाचा रकाना नाही.

राजासाठी हललेली रेघ

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. ४२ किलोमीटर १९५ मीटर हा असा अडनिडा आकडा आला कुठून? १९०८ साली लंडनला ऑलिंपिक झाले. शर्यतीची सुरुवात विंडसरच्या राजवाड्यापासून आणि शेवट मैदानात राजघराण्याच्या आसनासमोर, अशी सोय पाहिली गेली. त्या सोयीतून हा आकडा निघाला. त्यानंतरच्या काही ऑलिंपिकमध्ये अंतर पुन्हा कमीजास्त झाले. १९२१ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने हेच अंतर कायम केले. शंभर वर्षे होऊन गेली. राजे गेले, राज्ये बदलली, आकडा बदलला नाही.

नुसता आकडा कायम करून ते थांबले नाहीत. रस्ता मोजायची रीत ठरवली. खास मोजणीयंत्र लावलेली, तपासून घेतलेली सायकल रस्त्यावरून चालवतात. वळणावर धावणारा जवळात जवळच्या बाजूने जाईल असे धरून तीच बाजू मोजतात. आणि चूक होऊ नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. म्हणजे शर्यत ४२ मीटर लांब भरली तर चालेल, एक मीटरही कमी भरता कामा नये. वेळ मोजायला प्रत्येकाच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक चिप असते. कोण कधी कुठून गेला, सेकंदासकट नोंद होते आणि निकाल त्याच दिवशी सगळ्यांना पाहायला मिळतो.

आणि आमच्या मापाचे काय? बाजारात माल नेला की काट्यावर कडता वेगळा, हमाली-तोलाई वेगळी. कापूस महामंडळाच्या केंद्रावर आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात, बाराच्या पुढे गाडी परत. नियम म्हणून आम्ही तो मान्य करू. पण ओलावा मोजणारे यंत्र कोणी तपासले, कधी तपासले, शेतकऱ्यासमोर तपासले का? धावण्याचा रस्ता मोजणारी सायकल मोजणीच्या आधी आणि नंतर तपासतात. आमच्या घामाचे माप घेणाऱ्या यंत्राला तेवढाही मान नाही.

पस्तिसाव्या किलोमीटरवर

पण माप ही लहान गोष्ट. खरी लूट शेवटची रेघ हलवण्यात आहे.

समजा, मुंबईत पस्तिसाव्या किलोमीटरवर, पाय गळून आले असताना, एखादा साहेब गाडीतून उतरला आणि धावणाऱ्यांना म्हणाला : 'मंडळी, व्यापक हितासाठी शर्यतीचा शेवट आता पनवेलला नेला आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मदतीची योजना विचाराधीन आहे.' काय होईल? साहेबाचे कपडे जागेवर राहणार नाहीत. वर्तमानपत्रांचे अग्रलेख पेटतील. जगभर नाचक्की होईल.

आमच्या शर्यतीत हे दर दोन-चार वर्षांनी होते. तारखा लिहून घ्या, गावात सांगायला उपयोगी पडतील.

एप्रिल २०१० : कापसाच्या निर्यातीवर रोख.

५ मार्च २०१२ : कापूस निर्यातबंदी, त्या क्षणापासून लागू. पुढे आठवडाभरात ढिली केली, तोवर व्हायचे ते होऊन गेले.

एप्रिल २०२२ : २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर लावलेले ११ टक्के आयात शुल्क माफ. आधी सप्टेंबरअखेर, मग ऑक्टोबरअखेरपर्यंत.

१९ ऑगस्ट २०२५ : तेच शुल्क पुन्हा माफ. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, दहा दिवसांत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले.

ही शेवटची तारीख नीट पाहा. २८ मे २०२५ रोजी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. तो आकडा ऐकून, आयातीला ११ टक्क्यांचा बांध आहे हे धरून, आपण जूनमध्ये सरकी टोबली. खत घातले, दोन डवरणी झाल्या, फवारण्या झाल्या. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पऱ्हाटी पात्या-फुलांवर आली. आता मोडून दुसरे पेरता येत नाही. नेमक्या त्या वेळी बांध फोडला. आणि मुदत कुठपर्यंत? आपल्या वेचणीचा आणि विक्रीचा मुख्य हंगाम सापडेल तिथपर्यंत.

गिरण्यांची अडचण होती, अमेरिकेने जबर शुल्क लावले, असे कारण सांगतात. गिरणीवाला अडचणीत असेल तर त्याला तिजोरीतून मदत करा. त्याच्या अडचणीचा खर्च पात्या-फुलांवर आलेल्या पऱ्हाटीकडून का वसूल करता? १९०८ साली लंडनला राजाच्या आसनासाठी रेघ हलली. आमची रेघ अजून, दर हंगामाला, कोणाच्या तरी आसनासाठी हलते आहे.

कांद्याच्या भावांना हे सांगायला नको. ७ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी ते विसरलेले नाहीत.

दोराँदो पिएत्रीचा पेला

त्याच १९०८ च्या शर्यतीतली आणखी एक हकिगत आपल्या कामाची आहे. दोराँदो पिएत्री नावाचा इटालियन गडी मैदानात सगळ्यांच्या आधी शिरला. पण अंगातली ताकद संपली होती. चुकीच्या दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटी पंचांनी आधार देऊन त्याला रेघेपलीकडे नेले. झाले काय? दुसऱ्याच्या हाताने रेघ ओलांडली म्हणून तो बाद ठरला. पहिला नंबर अमेरिकेच्या जॉनी हेजला गेला. दुसऱ्या दिवशी राणीने कनवाळूपणे पिएत्रीला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेला दिला.

शेतकरी भावांनो, पॅकेज म्हणजे हा पेला. शर्यतीत हरवायचे आणि दुसऱ्या दिवशी सोहळा करून पेला द्यायचा. 'शेतकऱ्यांसाठी धाव' म्हणून होणाऱ्या शहरी दौडी म्हणजे याच पेल्याची लहान आवृत्ती. धावणाऱ्यांच्या मनात खोट असते असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या शर्यतीत दरवर्षी कोट्यवधी रुपयांच्या देणग्या जमतात, त्यांतून दवाखाने, शाळा, अनाथ मुले यांची कामे होतात, होऊ द्यात. पण शेतकरी हा काही रोग नाही की ज्याच्यासाठी निधी जमवावा. तो धंदा करणारा माणूस आहे. धंद्यात त्याला बुडवणारी धोरणे चालू ठेवायची आणि रविवारी सकाळी त्याच्या नावाचा बनियन घालायचा, हे आम्हाला मान्य नाही.

रस्ता कोणासाठी मोकळा होतो?

मॅरेथॉनच्या दिवशी मुंबईचे मोठे रस्ते तासन्‌तास बंद असतात. वांद्रे-वरळी सेतूवर एरवी पायी माणसाला मज्जाव, दुचाकीलाही मज्जाव. त्या दिवशी त्यावरून हजारो माणसे धावतात. पोलीस दोर धरून उभे राहतात, आठवडाभर आधी वर्तमानपत्रांत पर्यायी मार्ग छापून येतात. कोणी म्हणत नाही की जनजीवन विस्कळीत झाले.

आपण दोन तास रस्ता रोको केला की बेकायदा जमावाचे गुन्हे, आणि मग दहा-दहा वर्षे कोर्टाच्या तारखा. काही कार्यकर्ते तर पऱ्हाटीपेक्षा तारखांवर जास्त वेळ घालवतात.

मार्च २०१८ आठवा. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर हजारो शेतकरी आणि आदिवासी चालत गेले. झेंडा वेगळा होता, त्यांच्या सगळ्या मागण्या आपल्या नव्हत्या, तरी पाय शेतकऱ्यांचेच होते. चार मॅरेथॉनहून लांब वाट, मार्चचे ऊन, तुटक्या वहाणा, कित्येकांच्या तळपायांची सालटी निघालेली. ११ तारखेच्या रात्री ते शीवच्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. शहरातल्या पोरांचा खोळंबा होऊ नये म्हणून ते झोपले नाहीत. रातोरात चालून पहाटे आझाद मैदानात जाऊन बसले. हे तेच आझाद मैदान, जिथे मॅरेथॉनवाले शर्यतीआधी जमतात. मुंबईच्या सामान्य माणसांनी त्या रात्री रस्त्यावर येऊन पाणी दिले, बिस्किटे दिली, चपला दिल्या. तेव्हा शहरातल्या माणसाला आपले दुखणे कळतच नाही असे नाही. ते त्याच्यासमोर चालत गेले पाहिजे.

म्हणून काही तरुण कार्यकर्ते सुचवतात की मॅरेथॉनचाच रस्ता अडवावा, त्याला आमचा विरोध आहे. धावणारा आपला शत्रू नाही. ज्याला नियमाची शर्यत म्हणजे काय हे अंगावरच्या घामाने कळले आहे, त्याच्याइतका चांगला साक्षीदार आपल्याला शहरात दुसरा मिळणार नाही.

आपली पोरे का धावतात?

पहाटे कोणत्याही तालुक्याच्या डांबरी रस्त्याने जा. पोरे धावताना दिसतात, आता पोरीही दिसतात. हौस म्हणून नाही. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सैन्याची अग्निपथ योजना २०२२ साली आली. त्यात चार वर्षांची नोकरी आणि फार तर चौथ्या हिश्शाला पुढे कायम. तरीही पोरे धावतात. कारण त्यांना शेतीतून सुटायचे आहे.

मुंबईत माणसे जिथून निघतात तिथेच परत येण्यासाठी धावतात. आपली पोरे परत यावे लागू नये म्हणून धावतात. कापसाच्या नि ज्वारीच्या धंद्यावर याहून कडक शेरा कोणता? ज्या शेतात बापाची शेवटची रेघ दरवर्षी हलली, त्या शेतात पोराने उभे का राहावे? त्याला दोष देऊ नका. त्याला सांगा, धाव. पण तुझ्या बापाच्या शर्यतीचे नियम बदलायच्या लढ्यातही एक दिवस ये.

नियम बदलतात, हेही मॅरेथॉननेच शिकवले आहे. बाईमाणसाच्या शरीराला ही शर्यत झेपणार नाही, असे शहाणी माणसे अनेक वर्षे सांगत होती. १९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या शर्यतीत कॅथरीन स्वित्झर नंबर लावून धावली, तेव्हा एका अधिकाऱ्याने अंगावर धावून जाऊन तिचा नंबर ओढायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही, शर्यत पुरी केली. १९७२ साली बोस्टनला बायकांना रीतसर प्रवेश द्यावा लागला, १९८४ साली ऑलिंपिकला. बसून अर्ज करत राहिल्या असत्या तर आजही दारात उभ्या असत्या.

मेळाव्यासमोर ठेवायचे ठराव

तालुका बैठकांत पुढील मुद्द्यांवर चर्चा करून ठराव जिल्हा मेळाव्यात आणावेत :

१. कापसाचे आयात-निर्यात धोरण पेरणीपूर्वी, मे अखेरपर्यंत जाहीर करावे आणि तो हंगाम विकून होईपर्यंत त्यात शेतकऱ्याच्या विरोधात बदल करू नये. केल्यास फरकाची रक्कम सरकारने भरावी.

२. प्रत्येक खरेदी केंद्रावरचा काटा आणि ओलावा मोजणारे यंत्र हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यात शेतकऱ्यांसमोर तपासावे. तपासणीची तारीख फलकावर लिहावी. कडता कोणत्याही नावाने बंद व्हावा.

३. ज्वारीचा हमीभाव जाहीर करतानाच खरेदी केंद्रे कोणत्या तारखेला उघडणार आणि कोणत्या तारखेपर्यंत चालणार, ते जाहीर करावे.

४. पिकाच्या नाजूक अवस्थेत एका संरक्षित पाण्याइतकी तरी वीज दिवसा मिळावी.

५. भावासाठी केलेल्या रस्ता रोकोमधील गुन्हे मागे घ्यावेत.

आणि एक काम कार्यकर्त्यांसाठी. आपल्या जिल्ह्यातून मुंबई-पुण्याच्या शर्यतींत धावायला जाणारी पोरे-पोरी आहेत. त्यांच्याजवळ एक पानाचे पत्रक द्या. त्यात मदत मागू नका. वर दिलेल्या चार तारखा छापा आणि खाली एक प्रश्न छापा : 'पस्तिसाव्या किलोमीटरवर तुमची शेवटची रेघ हलवली तर तुम्ही काय कराल?' शर्यत संपवून घाम पुसत बसलेल्या माणसाला त्याचे उत्तर शिकवावे लागणार नाही.

भीक नको, हवे घामाचे दाम. आणि रेघ जागेवर!